शेवरोले ॲस्ट्रो व्हॅनमधील सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे वाहनाच्या सस्पेन्शनमधील भाग किंवा त्यांची मांडणी बदलून वाहनाचे धड चाकांच्या तुलनेत अधिक उंचीवर नेण्याची प्रक्रिया होय. खडबडीत रस्ता, वाळू, बर्फ किंवा ओढ्याचे पात्र पार करताना वाहनाचा तळ जमिनीला घासू नये आणि मोठ्या व्यासाचे टायर बसवता यावेत, हे तिचे दोन मुख्य हेतू असतात. शेवरोले ॲस्ट्रो आणि तिची जुळी जीएमसी सफारी या अमेरिकन व्हॅनच्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या आवृत्तीत हा बदल मोठ्या प्रमाणावर केला जातो. या व्हॅनचे पुढचे आणि मागचे सस्पेन्शन पूर्णपणे भिन्न तत्त्वांवर आधारलेले असल्यामुळे दोन्ही टोकांना वेगवेगळे भाग लागतात. म्हणून सुट्या भागांच्या निवडीमागील तत्त्वे समजून घेण्यासाठी ही व्हॅन सोयीचे उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

जनरल मोटर्सने ॲस्ट्रो आणि सफारी या व्हॅन १९८५ च्या मॉडेल वर्षात बाजारात आणल्या. मूळ रचनेत इंजिन पुढे होते आणि शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. १९९० च्या मॉडेल वर्षापासून चारही चाकांना शक्ती देणारी आवृत्ती उपलब्ध झाली. २००५ मध्ये दोन्ही व्हॅनचे उत्पादन थांबले. ४.३ लिटरचे व्ही-६ इंजिन, मागे भक्कम अखंड ॲक्सल, आतील प्रशस्त जागा आणि चारही चाकांची ओढ यांमुळे उत्पादन थांबल्यानंतरही भटकंतीसाठी आणि व्हॅनमध्येच मुक्कामाची सोय करण्यासाठी या व्हॅनना मागणी राहिली.

फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या ॲस्ट्रोत पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते. चारही चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीत पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टना जागा मिळावी म्हणून त्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब, वापरली आहे. त्यामुळे पहिल्या आवृत्तीसाठी बनवलेले पुढचे लिफ्टचे भाग दुसऱ्या आवृत्तीत बसत नाहीत. दोन्ही आवृत्त्यांत मागे पाटे, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंग, असतात. जुनी व्हॅन किंवा तिचे भाग घेताना पहिली खातरजमा याच फरकाची करावी लागते.

उंची नेमकी कोठे वाढते

लिफ्टमुळे वाहनाच्या तळाचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात वर जातो, हा समज चुकीचा आहे. ॲस्ट्रोच्या पुढच्या भागात डिफरन्शियल धडाला जोडलेले आहे. त्यामुळे धड वर गेले की तेही वर जाते. मागच्या बाजूला डिफरन्शियल अखंड ॲक्सलच्या मध्यभागी आहे आणि ॲक्सलची उंची केवळ टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. मागच्या पाट्यांची उंची कितीही वाढवली तरी मागच्या डिफरन्शियलखालील अंतर एक मिलिमीटरनेही वाढत नाही.

हे अंतर वाढवण्याचा प्रत्यक्ष उपाय मोठा टायर हाच असतो. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिमी, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४ मिमी येतो. व्यासातील ३० मिमी फरकाचा निम्मा भाग, म्हणजे १५ मिमी, ॲक्सलखालील अंतरात जमा होतो. सस्पेन्शन लिफ्टचे काम या मोठ्या टायरला चाकाच्या कमानीत फिरण्यास जागा करून देणे आणि धड, इंधनटाकी व पायदान यांना जमिनीपासून दूर नेणे हे आहे. म्हणून भागांची निवड अपेक्षित उंचीपासून सुरू न करता अपेक्षित टायरपासून सुरू करणे अधिक तर्कसंगत ठरते.

पुढील भाग: टॉर्शन बार

टॉर्शन बारचे एक टोक चाकाला आधार देणाऱ्या आर्ममध्ये, तर दुसरे टोक धडाखालील आडव्या पट्टीतील ‘की’ नावाच्या लहान तरफेत अडकवलेले असते. चाक वर उचलले गेले की बारला पीळ बसतो आणि तोच पीळ स्प्रिंगचे काम करतो. ‘की’ला टेकलेला बोल्ट आवळला की बारचे ते टोक थोडे फिरते आणि व्हॅनचा पुढचा भाग वर येतो. ही सोय मुळात वापरामुळे खाली बसलेली उंची पूर्ववत करण्यासाठी दिलेली आहे. तिचाच वापर करून उंची वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. वेगळ्या कोनात खाच असलेल्या ‘की’ बाजारात मिळतात. त्यांच्यामुळे बोल्टची मर्यादा ओलांडून बार आणखी फिरवता येतो, परंतु परिणामाचे स्वरूप तेच राहते.

बोल्ट आवळल्यावर व्हॅन कडक चालू लागते आणि त्याचे कारण बार कडक झाला असे दिले जाते. वस्तुतः बारचा कडकपणा त्याच्या व्यासावर, लांबीवर आणि धातूवर ठरतो. बोल्ट आवळल्याने यांपैकी काहीही बदलत नाही. हा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. बार १० टक्के जाड घेतला, तर तो सुमारे ४६ टक्के अधिक कडक होतो. बोल्ट आवळल्यावर जाणवणाऱ्या धक्क्यांचे कारण वेगळे आहे. चाकाला खाली जाण्यासाठी मूळ रचनेत ठरावीक अंतर मिळते. ते ९० मिमी आहे असे धरले आणि व्हॅन ५० मिमी उचलली, तर खाली जाण्यासाठी केवळ ४० मिमी उरतात. चाक खड्ड्यात उतरताच वरचा आर्म रबरी अडथळ्यावर आदळतो आणि तो धक्का थेट धडात येतो.

वरच्या आर्मचा कोन सुधारण्यासाठी बदली आर्म किंवा बॉल जॉइंट आणि आर्म यांच्यामध्ये बसवायची चकती वापरली जाते. या भागांनी स्वतः उंची वाढत नाही. वाढलेल्या उंचीवर चाकाला खाली जाण्यासाठी जागा आणि बॉल जॉइंटला योग्य कोन मिळवून देणे एवढेच त्यांचे काम असते. ‘लिफ्ट किट’ या नावाने मिळणाऱ्या संचात कोणता भाग उंची देतो आणि कोणता भाग त्या उंचीचे दुष्परिणाम आवरतो, हे ओळखणे निवडीत महत्त्वाचे असते.

१०० मिमी किंवा त्याहून अधिक उंची हवी असल्यास बार फिरवून भागत नाही. अशा वेळी ब्रॅकेट पद्धतीची लिफ्ट वापरतात. तिच्यात खालचे आर्म आणि पुढचे डिफरन्शियल नव्या ब्रॅकेटच्या साहाय्याने धडापासून खाली आणले जातात आणि चाकाजवळ अधिक उंच नकल बसवली जाते. शाफ्ट आणि आर्म यांचे कोन मूळ कोनांच्या जवळ राहतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा होय. मात्र डिफरन्शियल खाली आल्यामुळे त्याच्या खालच्या अंतरात अपेक्षित वाढ मिळत नाही. खर्च आणि काम दोन्ही वाढतात. वेल्डिंग लागणाऱ्या संचात मूळ रचनेकडे परत जाणेही अवघड होते.

शाफ्ट आणि सांधे

चारही चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये उंचीची खरी मर्यादा बहुधा स्प्रिंग ठरवत नाही, तर शक्ती वाहून नेणारे सांधे ठरवतात. पुढच्या डिफरन्शियलपासून प्रत्येक चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतात. हे सांधे वाकलेल्या स्थितीतही समान वेगाने फिरतात. दोन सांध्यांमधील अंतर ४०० मिमी आहे असे मानल्यास ५० मिमी लिफ्टमुळे शाफ्टच्या कोनात सुमारे ७ अंशांची भर पडते. मूळ व्हॅनमध्ये चाक खाली लोंबकळल्यावरच येणारा कोन आता सरळ रस्त्यावरही कायम राहतो. त्याचा पहिला परिणाम रबरी बूटवर दिसतो. त्याच्या घड्या एकमेकींवर घासतात, बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडते आणि आत धूळ जाते. त्यानंतर वळणावर टकटक आवाज येऊ लागतो. पूर्ण वळवलेले चाक खाली लोंबकळत असताना सांध्याने कोनाची मर्यादा ओलांडली, तर तो तुटूही शकतो.

प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला कारागिरांच्या भाषेत ‘क्रॉस’ म्हणतात. हा सांधा वाकल्यावर पुढील टोक प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेते आणि दोनदा मंदावते. कोन १० अंश असताना हा चढउतार सुमारे दीड टक्का असतो, तर २० अंशांवर तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना समान कोन असतील, तर एका क्रॉसचा चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो. मागचा ॲक्सल उचलताना ही समानता बिघडली, तर ठरावीक वेगाला संपूर्ण व्हॅन थरथरते. त्यामुळे लिफ्टनंतर दोन्ही कोन मोजणे आवश्यक असते.

मागील भाग: पाटे

ॲस्ट्रोच्या काही आवृत्त्यांत मागे तंतुकाचेचा एकच पाटा असतो, तर काहींत पोलादी पाट्यांचा संच असतो. पुढील चार मार्गांपैकी निवड करताना हा फरक पाहावा लागतो.

लांब शॅकल: पाट्याचे मागचे टोक शॅकल या झुलत्या दुव्याने धडाला जोडलेले असते. शॅकल लांब केले की धडाचा मागचा भाग वर जातो. ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे शॅकलमधील वाढीच्या सुमारे निम्मीच उंची मिळते. ५० मिमी उंचीसाठी शॅकल सुमारे १०० मिमी लांब लागते. फार लांब शॅकलमुळे धड वळणावर आडवे हलते. पाटा मागे झुकल्यामुळे डिफरन्शियलचे तोंडही वर वळते. ते सरळ करण्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते.

ब्लॉक: ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये धातूचा ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टने आवळतात. ठोकळ्याच्या उंचीइतकीच लिफ्ट मिळते आणि पाट्याचा कडकपणा बदलत नाही. मात्र जोर लावताना किंवा ब्रेक मारताना ॲक्सल पाट्याला पिळण्याचा प्रयत्न करतो. ठोकळा जितका उंच, तितका हा पीळ वाढतो. एकावर एक ठोकळे रचणे धोकादायक मानले जाते. काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत आणि नवे बोल्ट काही अंतर चालवल्यानंतर पुन्हा आवळावेत, असा संकेत आहे.

जादा पाटा: पोलादी संचात एक पाटा वाढवल्याने उंचीबरोबर भार पेलण्याची क्षमताही वाढते, परंतु रिकामी व्हॅन कडक चालते. तंतुकाचेच्या एकेरी पाट्यावर पोलादी पाटा चढवणे योग्य नाही. दोन्हींचे वाकणे वेगळे असल्यामुळे दाब एका रेषेत साचतो आणि तंतुकाच तडकू शकते.

नवा संच: जुने पाटे दबलेले असतील, तर अधिक कमान असलेला नवा पोलादी संच हा सर्वांत महाग, पण सर्वांत समतोल उपाय असतो. दबलेल्या पाट्याखाली ब्लॉक घातल्याने मूळ दोष केवळ झाकला जातो.

वजन आणि स्प्रिंगची निवड

रिकाम्या व्हॅनवर मोजलेली उंची मुक्कामाच्या सामानासह टिकत नाही. एका चाकावरील स्प्रिंगचा कडकपणा प्रति मिलिमीटर ३० न्यूटन असेल आणि त्या चाकावर ६० किलोग्रॅम भार वाढला, तर तो कोपरा सुमारे २० मिमी खाली बसतो. ५० मिमीच्या लिफ्टमधून उरतात केवळ ३० मिमी. पलंग, पाण्याची टाकी, जादा बॅटरी, छतावरील कॅरिअर आणि प्रवासी यांसह व्हॅनचे पुढचे आणि मागचे वजन काट्यावर वेगवेगळे मोजून मगच स्प्रिंग निवडणे श्रेयस्कर असते. नेहमी भरलेल्या व्हॅनसाठी कडक पाटे उपयुक्त ठरतात. तेच पाटे दैनंदिन रिकाम्या वापरात मागची चाके उसळवतात.

स्टिअरिंग, शॉक आणि ब्रेक

उंची बदलताच चाकांचे कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बदलतात. म्हणून लिफ्टनंतर व्हील अलाइनमेंट अनिवार्य असते. आर्म खाली झुकल्यावर टाय रॉडही झुकतो. दोघांची झुक सारखी नसेल, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप थोडे वळते. ॲस्ट्रोच्या स्टिअरिंगमधील आयडलर आर्म झिजलेला असल्यास मोठ्या टायरमुळे ढिलेपणा अधिक जाणवतो. अशी व्हॅन उचलण्याआधी बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडची टोके आणि आयडलर आर्म तपासणे, हा लिफ्टच्या खर्चाचाच भाग समजला जातो.

शॉक ॲब्झॉर्बर दोन्ही टोकांच्या स्थिती लक्षात घेऊन निवडतात. चाक पूर्ण वर असताना शॉक तळाशी टेकण्याआधी बम्प स्टॉपने भार घेतला पाहिजे. चाक पूर्ण खाली असताना संपूर्ण ॲक्सल शॉकला लटकता कामा नये. याच स्थितीत ब्रेकचे रबरी होज आणि एबीएसच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे लागते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही ही तपासणी करतात. काही वाहनांत मागच्या ब्रेकचा दाब ॲक्सलच्या अंतरावरून ठरवणारी झडप असते. धड वर गेल्यावर ती वाहन रिकामे असल्याचे समजून मागचा दाब कमी करते. अशा वाहनांत झडपेचा दुवा नव्याने जुळवावा लागतो.

टायरचा परिणाम

पूर्वी उल्लेखिलेल्या दोन टायरच्या व्यासांत सुमारे ४.३ टक्क्यांचा फरक आहे. वेगमापक पूर्वीप्रमाणेच ठेवला, तर तो ताशी १०० किमी दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ताशी १०४ किमीच्या वर असतो. गिअरचे परिणामी गुणोत्तर उंचावते, चढावर जोर कमी पडतो आणि ब्रेकवरील ताण वाढतो. चारही चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये सर्व टायर समान मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असणे आवश्यक आहे. घेर वेगळे असतील, तर ॲस्ट्रोच्या सुरुवातीच्या आवृत्तीतील व्हिस्कस कपलिंगला सरळ रस्त्यावरही सतत वेगातील फरक सोसावा लागतो आणि ते तापते.

स्थैर्य

उंच वाहन वळणावर उलटण्याचा धोका अधिक असतो. चाकांमधील रुंदीचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, या गुणोत्तराला स्थिर स्थैर्य गुणांक म्हणतात. अमेरिकेची महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था वाहने उलटण्याच्या जोखमीचे मूल्यमापन करताना त्याचा उपयोग करते. समजण्यासाठी रुंदी १६५० मिमी आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी उंचीवर धरल्यास गुणांक १.१० येतो. गुरुत्वमध्य ७५ मिमी वर गेल्यास तो १.०० होतो. छतावर ठेवलेले सामान हा गुणांक आणखी खाली आणते. गुणोत्तर जितके लहान, तितके वाहन घसरण्याऐवजी उलटण्याची शक्यता वाढते. मूळची उंच व्हॅन असल्याने ॲस्ट्रोत ही बाब मोटारीपेक्षा अधिक गंभीर आहे. समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटची दिशाही लिफ्टनंतर खाली करावी लागते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत लिफ्टच्या मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत. काही राज्ये बंपरची जमिनीपासूनची उंची मोजतात. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही तरतूद अधोरेखित केली. त्यामुळे परदेशातील उदाहरणे भारतीय वाहनांना जशीच्या तशी लागू होत नाहीत.

इतर व्हॅनशी तुलना

मित्सुबिशी डेलिका स्पेस गिअरमध्ये पुढे टॉर्शन बार असले, तरी मागे पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत. त्यामुळे शॅकल किंवा ब्लॉक तिला लागू पडत नाहीत. फोक्सवॅगन टी३ सिंक्रोमध्ये चारही चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंग असून मागची चाकेही स्वतंत्र आहेत. परिणामी मागच्या शाफ्टच्या कोनांचाही विचार करावा लागतो. टोयोटा सिएन्नाच्या चारही चाकांवर चालणाऱ्या आवृत्तीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. स्ट्रटच्या वर चकती बसवल्यास चाक खाली जाण्याची सीमाही तेवढीच खाली सरकते. म्हणून स्ट्रटने परवानगी दिली तरी सीव्ही जॉइंट देईलच असे नसते.

निवडीचा क्रम

या सर्व घटकांचा एकत्रित विचार केल्यास निवडीचा पुढील क्रम सुसंगत ठरतो:

१. व्हॅनची आवृत्ती, पुढच्या स्प्रिंगचा प्रकार आणि मागच्या पाट्यांचा प्रकार निश्चित करणे.
२. झिजलेले सांधे, बुश आणि दबलेले पाटे बदलून मूळ उंची मोजणे.
३. नेहमीच्या सामानासह पुढचे आणि मागचे वजन काट्यावर घेणे.
४. टायरचे माप ठरवणे आणि त्यासाठी लागणारी किमान उंची काढणे.
५. त्या उंचीवर सीव्ही जॉइंट, क्रॉस, ब्रेक होज आणि चाकाची खाली जाण्याची मर्यादा तपासणे. यांपैकी सर्वांत आधी संपणारी मर्यादा हीच लिफ्टची कमाल उंची मानणे.
६. पुढील आणि मागील भाग एकाच उंचीसाठी, एकत्र निवडणे.
७. काम झाल्यावर अलाइनमेंट, हेडलाइट आणि यू-बोल्ट यांची तपासणी करणे.

टॉर्शन बार असलेल्या व्हॅनमध्ये ‘की’ फिरवून सुमारे २५ ते ५० मिमी इतकी मर्यादित लिफ्ट आणि त्यासोबत माफक मोठे टायर हा प्रचलित मार्ग आहे. त्यापलीकडची प्रत्येक वाढ सांध्यांच्या आयुष्यातून, चाकाच्या हालचालीतून किंवा स्थैर्यातून वसूल होते. ब्रॅकेट पद्धत यांपैकी सांध्यांचा आणि हालचालीचा प्रश्न सोडवते, स्थैर्याचा नाही.

हेही पहा

सस्पेन्शन
टॉर्शन बार
डिफरन्शियल
सीव्ही जॉइंट
गुरुत्वमध्य
मोटार वाहन अधिनियम, १९८८